इस्त्यावरचा फ्रिज

"फ्रिज खरंच गॅसवर चालतो ना? म्हणजे लाइट गेली तरी?" असं मिरजेहून किशोरीताईंनी फोनवर विचारलं, तेव्हा संचिताच्या कडेवर चंदन होता, चंदनच्या तोंडात तिचं मंगळसूत्र होतं आणि शेगडीवरचं दूध वर येऊ लागलं होतं. अशा वेळी माणूस सगळ्यात आखूड उत्तर देतो. संचिता म्हणाली, "हो."

दूध उतरवून तिनं फोन पुन्हा कानाला लावला आणि पुढचं ऐकलं. किशोरीताईंची रसिका नऊ वर्षांची होती. चौथ्या वर्षी मधुमेह निघाला. रोज चार वेळा इन्सुलिन. ते दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं. तापलं तरी वाया, गोठलं तरी वाया. मुलीनं अजून समुद्र पाहिला नव्हता, कारण मे महिन्यात किनाऱ्यावर लाइट गेली की ती कधी येईल ते कुणीच सांगत नाही. "तुमच्या जाहिरातीत ती ओळ होती, 'गॅसवर चालणारा फ्रिज'," किशोरीताई म्हणाल्या. "त्या एका ओळीवर आम्ही निघतोय."

ती ओळ संचितानंच लिहिली होती, चंदन दुपारचा झोपला असताना. लिहिताना तिला एवढंच वाटलं होतं की ओळ जरा भारदस्त दिसते.

जाहिरात होती घरासमोरच्या गाडीची. गाडी कसली, चाकांवरचं बिऱ्हाडच: दोन पलंग, एक मोरी, ताटाएवढी खिडकी आणि कोपऱ्यात कमरेइतका पांढरा फ्रिज. कुणी जर्मन माणूस ती दूरदेशाहून चालवत आला आणि बेळगावात कंटाळला. संचिताच्या नवऱ्यानं, कौस्तुभनं, ती जानेवारीत घेतली आणि आंबोलीमार्गे मालवणला आणली. फ्रिज चालतो का हे त्यानं वाटेतच तपासलं होतं. आंबोलीत टपरीवर थांबून त्यानं आत दही ठेवलं, दोन कप चहा प्यायला आणि दार उघडलं. दही थंडगार! जानेवारीत आंबोलीत दही खिशात ठेवलं असतं तरी थंडगारच राहिलं असतं, हे लक्षात यायला घरातल्या चारही शहाण्या माणसांना मे उजाडावा लागला.

पाहुणे यायला तीन आठवडे होते. फ्रिजला हवा होता सिलिंडर. संचिता चंदनला घेऊन गॅसच्या कचेरीत गेली.

"घर क्रमांक?" कारकुनानं विचारलं.

"घराला नको. गाडीला हवाय."

"गाडी गॅसवर चालते?"

"गाडी डिझेलवर चालते. तिच्यातला फ्रिज गॅसवर चालतो."

कारकुनानं चष्मा काढला. "मॅडम, गॅसवर शेगडी चालते. फ्रिज थंड करतो."

"हो. गॅसनंच."

"जाळून?"

"जाळून."

त्यानं चंदनकडे पाहिलं. त्या नजरेत गॅस कचेरीत एरवी न सापडणारी माया होती. ह्या लेकराचं पुढं कसं व्हायचं, अशी. मग म्हणाला, "घर क्रमांक आणा."

ग्रामपंचायतीत घर क्रमांक मागितल्यावर ग्रामसेवक स्वतः पाहणीला आले. "पाया कुठाय?" त्यांनी विचारलं. संचितानं टायर दाखवलं. ग्रामसेवकांनी टायरला बूट लावून पाहिला, वही उघडली, मिटली. "पायाशिवाय घराला नंबर देता येत नाही. उद्या हे घर वेंगुर्ल्याला निघून गेलं तर नंबर मागनं धावणार का?" प्रश्न बिनतोड होता. चहा झाला, आंबोळी झाली, आणि शेवटी सुवर्णमध्य निघाला. पक्का चौथरा बांधायचा, गाडी त्यावर चढवायची, नंबर चौथऱ्याला द्यायचा. चौथरा काही वेंगुर्ल्याला जात नाही.

अशा रीतीनं एका फ्रिजसाठी सिलिंडर, सिलिंडरसाठी नंबर आणि नंबरासाठी बाबली गवंडी घरात आला.

बाबलीनं चार दिवसांत जांभ्या चिऱ्यांचा देखणा चौथरा उभा केला. वर गुळगुळीत कोबा. रोज संध्याकाळी तो लांब उभा राहून स्वतःच्या कामाकडे असा बघे, जशा काही आया झोपलेल्या पोराकडे बघतात. गाडी चढली, नंबर मिळाला, सिलिंडर आला. उरले बारा दिवस.

मग आगीची वेळ आली. मालवणीत विस्तवाला म्हणतात इस्तो, आणि फ्रिजच्या मागं इस्तो पेटवायचा ही कल्पना संचिताच्या सासऱ्यांना, परशुरामांना, पहिल्यापासून पटलेली नव्हती. चौतीस वर्षं ते वीजखात्यात वायरमन होते. थंडावा वायरीतून येतो हे त्यांनी स्वतः खांबावर चढून पाहिलं होतं. तरी सुनेच्या शब्दाखातर त्यांनी बटण दाबलं. टिक टिक झालं, ज्योत आली आणि विझली. पुन्हा आली, पुन्हा विझली. बॅटरी लावून धुराड्याच्या नळीत डोकावले तर आत चिखलाचं टुमदार घरटं.

"कुंभारीण!" परशुराम म्हणाले. ही गांधीलमाशीची चुलत बहीण. ओली माती तोंडानं आणून भिंतीच्या कोपऱ्यात मडकी घडवते. जर्मनीत त्या नळीला काय म्हणत असतील कोण जाणे. कुंभारणीनं तिला बाळंतिणीची खोली ठरवलं होतं.

परशुरामांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि मागून सासूबाई, सुगंधा, धावत आल्या. "हात लाव नकात! कुंभारणीन घर केल्यान म्हणजे घरात पाळणो हलतलो!"

पंधरा महिन्यांत सलग चार तास न झोपलेली संचिता म्हणाली, "आई, आधी हललेलो पाळणो अजून थांबूक नाय!"

सुगंधाबाईंना हे पटलं, पण धर्म तो धर्म. त्यांनी अंबाड्यातली पिन काढली, दीड तास खपून ते घरटं अखंड सोडवलं आणि तुळशीच्या कट्ट्यावर सावलीत नेऊन ठेवलं. ज्योत लागली. निळी, नखाएवढी, अजिबात न हलणारी. घरातली सगळी माणसं एकेक करून गुडघ्यांवर बसली आणि छोट्या काचेतून तिचं दर्शन घेऊन उठली.

आत मात्र काहीच होईना. आरोग्य केंद्रातल्या मैत्रिणीकडून आणलेला, लशींच्या पेटीत ठेवतात तसला तापमापक संचितानं पाण्याच्या पेल्यात बुडवून आत ठेवला होता. सकाळी तेहतीस. दुपारी तेहतीस. संध्याकाळी चौतीस. फ्रिज चालू होता, नव्हता असं नाही. तो फक्त उलट्या दिशेला चालला होता.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. विस्तवावर बर्फ करणारं कपाट बघायला वाडी लोटली आणि येणारा प्रत्येक जण जाताना एक सल्ला ठेवून गेला. कुणी म्हणालं, गॅस पुरत नसणार, दोन सिलिंडर लावा. कुणी म्हणालं, खारा वारा लागतोय, गाडीला गोणपाट गुंडाळा. आणि एका आजींनी अतिशय समजुतीनं सुचवलं, "आधी बाजारातसून थोडो बर्फ हाडून आत ठेव गो. म्हणजे तेका कळात, काय करूचा हा ता."

संचितानं हा सल्ला हसण्यावारी नेला, असं तिनं नंतर सगळ्यांना सांगितलं. प्रत्यक्षात ती दुसऱ्या दिवशी बर्फ घेऊन आली होती.

सल्लागारांत सगळ्यात वजनदार माणूस म्हणजे शेजारचे लिओन अंकल. सत्तावीस वर्षं बोटीवर. बोटीवरच्या मासळीच्या शीतखोलीच्या चाव्या त्यांच्या कमरेला असत. त्यांनी फ्रिजला बाहेरून तीन ठिकाणी टिचक्या मारल्या, कान लावला आणि निदान केलं. "उलटो करूक होयो."

"कोणाक?" परशुराम जरा दचकूनच म्हणाले.

"फ्रिजाक! इतकी वर्सां एकाच जाग्यार उभो रवान आतलो रस घट झालो. एक दिस डोक्यार उभो करा, मगे सुलटो. बोटीर आमी तशेच करीत होतो."

हा उपाय खोटा नाही. खऱ्या जाणकार लोकांनीही तो केलेला आहे. पण खऱ्या जाणकारांनी तो अंगणात केला नसावा. चार माणसांनी फ्रिज बाहेर काढला, आंब्याखाली गादी घातली, त्यावर तो उलटा निजवला आणि ऊन लागू नये म्हणून सुगंधाबाईंनी वरून पांढरी चादर पांघरली. भोवती खुर्च्या मांडून मंडळी गंभीरपणे बसली. रस्त्यानं जाणारा एक स्कूटरवाला थांबला, हेल्मेट काढून हातात घेतलं, फाटकातून हळूच आत आला आणि परशुरामांच्या खांद्यावर हात ठेवून विचारता झाला, "कधी?"

"सकाळी धा वाजता," परशुरामांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

"आजारी होते?"

"चार दिवस गरम लागत होतो."

स्कूटरवाला अर्धा तास बसून, चहा घेऊन, डोळे टिपून गेला. संचिता स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. हसावं की रडावं हे ठरेना, म्हणून तिनं भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी फ्रिज सुलटा झाला, जागेवर गेला, ज्योत लागली. पेल्यात तेहतीस.

बुधवारी किशोरीताईंचा फोन आला. मागं रसिकाचा आवाज होता. पोहायचा चष्मा घरातच लावून ती खोलीखोलीतून फिरत होती म्हणे. "शुक्रवारी सकाळी निघतो," किशोरीताई म्हणाल्या. "फ्रिज ठीक आहे ना?"

ह्या वेळी कडेवर कुणी नव्हतं आणि दूधही उतू जात नव्हतं. आखूड उत्तर देण्याला काही निमित्तच नव्हतं. संचितानं चंदनच्या पाळण्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही, ताई. आज तरी नाही. मी शुक्रवारी सकाळी सात वाजता फोन करीन आणि तुम्हाला आकडा सांगीन. आठच्या आत असला तरच निघा."

"तिला काय सांगू?" किशोरीताईंनी विचारलं.

गुरुवारी सकाळी ती उगीचच गाडी पुसायला गेली. हाताला काम असलं की डोकं गप्प बसतं. चंदनला तिनं गाडीतच खाली बसवलं आणि त्याच्या हातात लाल चेंडू दिला. चंदननं चेंडू सोडला. चेंडू गडगडत दारापाशी गेला. संचितानं आणून दिला. त्यानं सोडला. चेंडू दारापाशी. आठव्या खेपेला चंदन खदखदून हसत होता आणि संचिता फडकं हातात घेऊन तशीच थांबली होती. चेंडू फेकला जात नव्हता. तो नुसताच जात होता.

तिनं फ्रिजचं जर्मन पुस्तक काढलं. त्यात पहिल्याच पानावर तिरप्या गाडीचं चित्र होतं आणि त्यावर फुली. परशुरामांनी त्याचा अर्थ लावला होता, गाडी घाटात चालवू नये. आता संचितानं मोबाइलचा कॅमेरा एकेका ओळीवर धरला आणि त्यातून येणारं तोडकंमोडकं मराठी वाचत गेली. वाचता वाचता ती जमिनीवर बसली. चंदननं तिच्या केसांत बिस्किट चुरडलं तरी तिला कळलं नाही.

मग तिनं बाबलीला बोलावलं.

"चौथरो वाकडो आसा?" बाबलीचा चेहरा पडला, मग लाल झाला. "वाकडो नाय, वयनी. ढाळ दिलोहा. हाताक बोटभर. पाणी जावक नको? तीस वर्सां काम करतंय; माझ्या खळ्यात पावसाचो थेंब कधी रवाक नाय. कोकणात सपाट कोण बांधता?"

तो खरंच बोलत होता. जिथं पाऊस चार महिने आडवा-उभा पडतो, तिथं गवंडी देवघराच्या पायरीलाही बोटभर उतार देतो. न दिला तर त्याला रात्री झोप येत नाही. ग्रामसेवकांनी चौथरा मागितला होता. सपाट मागितला नव्हता.

"बाबलीनू, वायच बसा," संचिता म्हणाली. "ह्या ऐका. ह्या फ्रिजात पंप नाय. फिरणारा काय्येक नाय. खाली इस्तो. त्यान आतला औषधी पाणी उकळता, त्याची वाफ वर चढता. वर थंड होवन तेचो रस होता. मगे तो रस नळ्यांतसून आपणच खाली येता, येता येता सुकता आणि सुकताना आतली ऊब घेवन जाता. परत खाली, परत इस्तो. तेका कोण ढकलीत नाय. सगळा नळ्यांच्या उतारार चलता."

बाबली उकिडवा बसला. खिशातली बिडी त्यानं काढली आणि न पेटवता कानावर ठेवली. बराच वेळ तो त्या पांढऱ्या कपाटाकडे बघत राहिला.

"म्हणजे तेच्या पोटात ढाळ आसत?"

"आसत. केसभरसुद्धा चूक नाय."

"कोणी काढल्यान?"

"जर्मनीत कोणीतरी."

"बरो गवंडी दिसता," बाबली हळू आवाजात म्हणाला. मग उठून त्यानं लेंगा झटकला. "तेचो ढाळ आत, माझो भायर. माझो तेका आडवो येता. वयनी, फळये हाडा."

तीस वर्षांत पहिल्यांदा बाबली गवंडी सपाटीच्या मागं लागला. पाणी भरलेली पारदर्शक नळी त्यानं काढली. एक टोक संचितानं फ्रिजच्या तळाशी धरलं, दुसरं बाबलीनं. परशुराम जॅक फिरवत होते, लिओन अंकल फणसाच्या फळ्या चाकांखाली सरकवत होते. "वायच... वायच... रवा!" दोन्ही टोकांतलं पाणी हललं, थरथरलं आणि एका रेषेत येऊन थांबलं. बाबलीनं ती रेषा तीनदा पाहिली. तोंडावर समाधान होतं आणि थोडं दुःखही. जन्माची सवय मोडणाऱ्या माणसाचं असतं तसं. "हयसर पाणी साचतला," तो पुटपुटला. "पण साचांदे."

अकरा वाजता ज्योत लागली. सुगंधाबाईंनी फ्रिजच्या दाराला पाठ लावून खुर्ची टाकली आणि कोकमं फोडत पहाऱ्याला बसल्या. दार उघडायचं नाही. लिओन अंकलनी दोनदा प्रयत्न केला. दोनदा त्यांना लाल हाताचा धाक मिळाला. पाच वाजता बोटभर फट करून संचितानं पाहिलं. एकोणीस.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे देवळात बोलतात तशा आवाजात बोलायला लागले.

शुक्रवारी साडेसहाला सगळं घर गाडीत. बँकेत जायच्या आधी दाढी अर्धी ठेवून कौस्तुभसुद्धा. संचितानं दार उघडलं आणि थंड हवा तिच्या पावलांवर सांडली. पेल्यात चार. वरच्या लहान कप्प्यातल्या वाटीत काल ठेवलेलं पाणी आता पाणी नव्हतं. तिनं वाटी उपडी केली. तळहातावर बर्फाची चकती पडली, आणि हातभर खाली, छोट्या काचेच्या मागं, नखाएवढी निळी ज्योत जळत होती. मध्ये ना घरघर, ना खडखड. काही नाही. ह्या टोकाला आग, त्या टोकाला बर्फ, आणि दोहोंच्या मध्ये फक्त कुणीतरी नीट काढलेला उतार.

चंदननं बोट लावलं, झटकन मागं घेतलं, बोटाकडे पाहिलं, मग आईकडे. जगात असंही असतं हे तू मला सांगितलं नव्हतंस, असं काहीसं. मलाच कुठं माहीत होतं रे, असं संचिता त्याला डोळ्यांनीच म्हणाली.

परशुराम फ्रिजला कान लावून उभे होते. "चौतीस वर्सां," ते म्हणाले, "लोकांच्या घरात थंडावो पोचवूक मी खांबार चढलंय. हय कोण चढूक नाय, कोण उतरूक नाय. आवाजय नाय." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

सात वाजता संचितानं फोन लावला. पहिल्या घंटेला उचलला गेला.

"चार," ती म्हणाली. "चार डिग्री आहे, ताई."

"पुन्हा सांगा," किशोरीताई म्हणाल्या.

"चार."

दुपारी चारला मिरजेची गाडी फाटकात आली. रसिकानं पोहायचा चष्मा कपाळावर घातलेला होता. किशोरीताईंनी उतरल्याबरोबर बर्फाच्या पेटीतून औषधाच्या कुप्या काढून फ्रिजात ठेवल्या, तापमापक पाहिला, दार लावलं. दहा मिनिटांनी पुन्हा उघडलं. चार. पुन्हा उघडलं. पाच. साडेचारला लाइट गेली. सगळ्या वाडीतले पंखे थांबले, आणि किशोरीताई पळत फ्रिजच्या गाडीत शिरल्या. संचितानं त्यांना हाताला धरून मागच्या बाजूला नेलं आणि छोट्या काचेसमोर बसवलं. बराच वेळ दोघी खांद्याला खांदा लावून त्या निळ्या ज्योतीकडे बघत राहिल्या.

"ही विझत नाही?"

"नाही."

"रात्रीसुद्धा?"

"रात्रीसुद्धा. मी असते इथं. मला कुठं झोप मिळते?"

किशोरीताई पहिल्यांदाच हसल्या. रसिका दारातून ओरडली, "आई, माझ्या औषधाला गार वाटतंय, मला उकडतंय! चल ना!"

सहाच्या सुमारास त्या दोघी किनाऱ्यावर उतरल्या. सुरूच्या झाडांपाशी किशोरीताईंनी एकदा मागं वळून पाहिलं. रेतीत उतरल्यावर आणखी एकदा. मग रसिका पाण्यात शिरली, किंचाळली, पडली, उठली आणि आईला दोन्ही हातांनी आत ओढू लागली. किशोरीताईंनी सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली. लाट आली. दुसरी आली.

चंदनला कडेवर घेऊन संचिता किनाऱ्याकडच्या कुंपणापाशी उभी होती. पुढचा तासभर, पाणी तांबडं होऊन काळं व्हायला लागेपर्यंत, ती मोजत राहिली. किशोरीताईंनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.